दोन मुठींची करवत

१ सप्टेंबर

ठरलं. यंदाचं जळण मीच करणार. बाहेरून एक काटकी येणार नाही.

काल चिरंजीव आले होते, त्यांच्या तोंडावरच सांगून टाकलं. त्यांचं म्हणणं, बाबा, आता वय झालं, लाकडं फोडायचं खूळ पुरे. शेगडी काढून टाकू, तिथे हीटर बसवू. शेगडी गेली की कोपऱ्यात कपाटही छान बसेल म्हणे. माझी खुर्ची कुठे बसेल ते नाही बोलले.

मी शांतपणे विचारलं, आजवर या घरात कुणाला थंडी वाजली का? ही म्हणाली, बाथरूममध्ये वाजते. तो मुद्दाच नव्हता.

शेवटी पैज लागली. तोंडातून वाफ निघायला लागायच्या आत मागच्या भिंतीला लाकडाची थप्पी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या चौकटीपर्यंत रचून दाखवायची. पोचली तर शेगडी राहील. नाही पोचली तर हीटर. मला हसूच आलं. पावसाळ्यात आडवं झालेलं झाड कुंपणाला लागून पडलंय. करवत आहे, कुऱ्हाड आहे, मी आहे. आणि कुंपणापलीकडे घड्याळजी आहे.

थप्पी चौकटीपर्यंत गेली तरी थांबणार नाही. चिरंजीवांना खिडकीतून बाहेर दिसता कामा नये.

२ सप्टेंबर

ही वही माझ्याशिवाय कुणी वाचायची नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.

घड्याळजी आमचा शेजारी. घड्याळं दुरुस्त करायचा, आता दुकान बंद. अंगानं काडी. भिंग लावून लावून मान पुढे आलेली. मी व्यायामाचा सर, साऱ्या शाळेला ड्रिल करवलेलं. तरी जोडी जमली. दर वर्षी एखादं पडलेलं झाड गाठतो, दोघं मिळून कापतो, निम्मं त्याला, निम्मं मला.

करवत माझी. दोन मुठींची आहे, म्हणजे दोन टोकांना दोघांनी धरायची. यात टेक्निक आहे. एकानं ओढलं की दुसऱ्यानं सैल सोडायचं. ढकलायचं नाही आणि मुख्य म्हणजे लोंबकळायचं नाही. लोक लोंबकळतात. मोजणीही माझीच. एक म्हटलं की त्यानं ओढायचं, दोन म्हटलं की मी. खरा जोर माझा असतो, पण मी कधी बोलून दाखवलं नाही. बिचारा घामानं निथळतो. मला घाम येत नाही. फिटनेस.

५ सप्टेंबर

कुंपणावरून घड्याळजीला हाक मारली. दातांच्या डॉक्टरकडे जायचंय म्हणाला. ठीक. दात महत्त्वाचे.

आज नुसता वॉर्मअप. जोर काढायला सुरुवात केली. खाली गेलो. वर येण्याआधी जमिनीवर जरा विश्रांती घेतली. ही आली आणि विचारते, काय पडलंय, मी शोधू का.

९ सप्टेंबर

घड्याळजीकडे आज पाहुणे. पाहुणे काही दिसले नाहीत.

करवतीच्या दातांना कानस मारली. अर्ध्या दातांना मारली. उरलेले घड्याळजीच्या बाजूचे.

१२ सप्टेंबर

आज म्हणे चष्मा सापडत नाही. हे सांगताना चष्मा नाकावर होता. कुठेतरी पाणी मुरतंय. आळशीपणा आला असणार. वयाबरोबर येतो काही लोकांना.

१४ सप्टेंबर



सकाळी एक गाडी घड्याळजीच्या दाराशी थांबली. दोघांनी एक भलंमोठं खोकं उतरवलं. खोक्यावर चित्र होतं. हीटरचं चित्र!

मी तसाच कुंपणाशी गेलो. विचारलं, हे काय? तो म्हणाला, हीटर. मी म्हटलं, ते दिसतंय, पण का? तर म्हणतो, अरे, बरं पडतं. बरं पडतं! इतकी वर्षं एका करवतीच्या दोन टोकांना उभे राहिलो आणि हा मला सांगतो बरं पडतं. मी विचारलं, मग झाडाचं काय? तो म्हणाला, झाड तू घे सगळं. आणि खाली बघत आत गेला. दार लावून घेतलं.

केसानं गळा कापला. चिरंजीवांचं मी समजू शकतो, ते रक्ताचे आहेत. पण घड्याळजी?

१५ सप्टेंबर

रात्री एक डोळा उघडाच होता. हिला विचारलं, तुला माहीत होतं का? ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, कशाचं? मी म्हटलं, जाऊ दे. तिला बिचारीला काय माहीत असणार.

घड्याळजीची तेलाची बारकी कुपी आमच्याकडे होती, बिजागरीला घालायला आणलेली. ती कुंपणाच्या खांबावर ठेवून आलो. त्याच्या वस्तू त्याला परत. संबंध संपले.

एकट्यानं करून दाखवतो. खरा जोर माझाच होता.

१७ सप्टेंबर

दोन मुठींची करवत एकट्यानं चालत नाही. पातं पलीकडे जाऊन डोलतं आणि फणा काढल्यासारखं वर येतं. हे यंत्राचं बंधन आहे, माझं नाही.

म्हणून हिला पलीकडच्या मुठीला लावलं. समजावून सांगितलं, फक्त ओढायचं, ढकलायचं नाही. मी एक म्हटलं, तिनं ओढलं. मी दोन म्हटलं. थोड्या वेळानं ती थांबली आणि पदर खोचत म्हणाली, अहो, तुम्ही ओढता का नुसते धरून उभे राहता? दोन्ही खेपा मलाच ओढाव्या लागतायत.

तिला लय नाही. गाण्याच्या क्लासला घातलं होतं तिला लहानपणी, तिथूनही काढलं होतं असं तिचा भाऊ सांगायचा.

एक ओंडका मात्र पडला. आमच्या दोघांच्या जोरानं.

२१ सप्टेंबर

रविवार. चिरंजीव आले. म्हटलं, पैज तुमच्याविरुद्ध आहे, पण हात लावाल का? लावतो म्हणाले. मनाचा मोठेपणा आहे पोरात, माझ्यावर गेलाय.

पण ताकद नाही. सगळं आयुष्य खुर्चीत. अर्ध्यातच धापा टाकायला लागले. वर मलाच सांगतात, बाबा, तुम्ही मुठीवर भार टाकू नका, मला तुमच्यासकट ओढावं लागतंय. माझ्यासकट! जणू मी पोत्यात बसलोय. मी फक्त मोजत होतो, आणि मोजणाऱ्याला एका जागी स्थिर राहावं लागतं, हे ड्रिलमधलं पहिलं तत्त्व.

तळहाताला फोड आल्याचं निमित्त करून जेवून गेले. जाताना हिच्याशी दारात कुजबुज. मी आलो की दोघं हवापाण्यावर बोलायला लागले.

२५ सप्टेंबर

आयडिया! माणसं नकोतच. सायकलची जुनी ट्यूब करवतीच्या पलीकडच्या मुठीला बांधली आणि दुसरं टोक खांबाला. मी ओढायचं, ट्यूब आपोआप मागे खेचणार. ट्यूबला दात नाहीत, पाहुणे नाहीत, चष्मा नाही.

संध्याकाळी पुढे. निराशा. ट्यूबमध्ये स्वतःचा असा जोरच नाही. आपण जेवढं ओढू तेवढंच ती परत देते, वर एक कणही नाही. दिवसभरात करवत सालीच्या आत गेली नाही. घड्याळजी कसाही असो, तो असा नव्हता. त्याच्याबरोबर करवत लोण्यातून गेल्यासारखी जायची.

ट्यूब खराब निघाली. रबरच हलकं आलंय हल्ली.

२८ सप्टेंबर

ट्यूब सोडली, पुन्हा हिला बोलावलं. मधला जाड ओंडका धरला. निम्म्यावर आल्यावर करवत अडकली. खोड दोन्ही बाजूंनी दबलं आणि पातं आत धरून ठेवलं. चिरेत वेळीच पाचर ठोकायची असते, म्हणजे चीर उघडी राहते. हे मला माहीत आहे, मी कित्येकांना शिकवलंय. पण पाचर मारणं घड्याळजीकडे असायचं. न सांगता मारायचा. तो नाही, म्हणून मारली गेली नाही. म्हणजे करवत त्याच्यामुळे अडकली.

हलवून पाहिली, लाथ मारली, ढुसण्या दिल्या. गच्च. हिला सांगितलं, मुद्दाम ठेवलीय, खोड सुकलं की आपोआप सुटेल. ती बरं म्हणाली. ती फार पटकन बरं म्हणते हल्ली.

३ ऑक्टोबर

पाठ धरली आहे. धरली म्हणजे काय, सावध झाली आहे. अनुभवी शरीर असंच करतं. गरम पाण्याची पिशवी घेऊन दोन दिवस प्लॅनिंग केलं.

नवा प्लॅन. खोड राहू दे, फांद्यांवर भर द्यायचा. कुऱ्हाडीनं फांद्या. स्टॅमिना वाढला की पुन्हा खोडाकडे वळू.

८ ऑक्टोबर

थप्पी मागच्या नळापर्यंत आली. नळ गुडघ्याएवढ्या उंचीवर आहे, पण सुरुवात महत्त्वाची. मध्ये मध्ये पोकळ रचली आहे. हवा खेळती राहते.

आज सकाळी दूध घ्यायला गेलो तेव्हा तोंडासमोर काहीतरी धूसर दिसलं. वाफ नव्हती. चष्म्यावर डाग असावा.

१० ऑक्टोबर

माणूस किती खाली जाऊ शकतो, याला काही सुमार?

फांद्या ओढताना कुंपणाच्या फटीतून पलीकडे नजर गेली. गेली म्हणजे मी वाकून पाहिलं. घड्याळजीची शेड, त्यात ताडपत्री, आणि ताडपत्रीखालून डोकावतंय काय? लाकूड! कापलेलं, फोडलेलं, खणखणीत वाळलेलं लाकूड, छतापर्यंत!

म्हणजे हीटर हे नाटक. मला झाडाशी एकटं झुंजत ठेवलं आणि स्वतः गुपचूप तयार लाकूड भरून ठेवलं. हीटरही घ्या, लाकूडही घ्या, आणि मित्र मेला तर मरू द्या. झाड तू घे म्हणाला तेव्हा मला वाटलं होतं लाज वाटतेय. लाज कसली, हसू दाबत असणार.

हिला सांगितलं. तिच्या हातातून झारा पडला. तिलाही धक्का बसला. म्हणाली, कुणाचं तरी ठेवायला दिलेलं असेल, तुम्ही तिकडे बघूच नका. भोळी आहे.

१३ ऑक्टोबर

शांत डोक्यानं विचार केला. आजवरच्या प्रत्येक झाडात खरा जोर माझा, आणि वाटणी मात्र निम्मी-निम्मी. म्हणजे माझं काहीतरी त्याच्याकडे निघतं. बोलून दाखवलं नाही, हा माझा चांगुलपणा. पण चांगुलपणालाही मर्यादा असते.

यात चोरी अजिबात नाही. याला वसुली म्हणतात.

दुपारी जेवणानंतर तो डुलकी काढतो. मी कुंपणाच्या फटीतून आडवा होऊन गेलो. ताडपत्रीची गाठ इतकी आवळलेली की नखं दुखली. कोटाच्या आत मावतील तेवढी लाकडं घेतली. परत येताना फटीत अडकलो. छाती रुंद असण्याचे तोटे.

थप्पी जरा बरी दिसते.

१६ ऑक्टोबर

हातगाडी नेऊन पाहिली. चाक इतकं केकाटलं की मी ती तिथेच टाकून पळालो. गाडी त्याच्या शेडसमोर तशीच पडून आहे. आता काय करायचं? विचारायला जाता येत नाही.

१७ ऑक्टोबर

गाडी आमच्या बाजूला फटीजवळ उभी होती. बहुधा मीच आणली असणार, घाईत लक्षात राहिलं नाही. आणि आश्चर्य म्हणजे चाक आता आवाज करत नाही. वापरानं यंत्र सुधारतं, हे मी नेहमी सांगतो.

कोटाची गरज संपली.

२२ ऑक्टोबर

वसुली जोरात. नशीब साथ देतंय. ताडपत्रीची गाठ सैल झाली आहे, एका बोटानं सुटते. कुंपणाची एक फळी आपसूक निखळली, त्यामुळे गाडी सरळ आत जाते. चिखलाच्या जागी कुणीतरी पाट टाकलाय. घड्याळजी किती गाफील आहे! खिडकीचा पडदा हलल्यासारखा वाटला, पण वारा होता.

अंगात पुन्हा जोर आलाय. वाकलो की पाठ बोलते, पण मी ऐकत नाही.

ही थप्पीकडे बघून म्हणाली, अगबाई, एवढं तुम्ही केलंत? मी म्हटलं, मग कुणी? ती हसली. अभिमानानं.

३० ऑक्टोबर

एक गोष्ट टोचतेय, लिहून ठेवतो. आज गाडी भरताना शेडच्या भिंतीवर माझी जुनी शिटी दिसली, खिळ्याला टांगलेली. शाळेतून निवृत्त झालो तेव्हा घड्याळजीला दिली होती, थट्टेत म्हटलं होतं, आता तू मोज. ती अजून ठेवलीय त्यानं. गद्दारानं शिटी कशाला ठेवावी?

घ्यावीशी वाटली. घेतली नाही. वसुली फक्त लाकडाची आहे.

८ नोव्हेंबर

जिंकलो!

थप्पी चौकटीला टेकली. चिरंजीव आले, मागच्या दारात उभे राहिले, एकदा वर, एकदा खाली पाहिलं. म्हणाले, वा बाबा. मी वाट पाहत होतो की विचारतील, हे लाकूड एवढं वाळलेलं कसं, आणि अंगणातलं खोड जसंच्या तसं कसं? उत्तर तयार ठेवलं होतं. विचारलंच नाही. आजकालच्या पोरांना निरीक्षण नाही.

शेगडी राहिली. कपाट गेलं उडत. संध्याकाळी माझ्या खुर्चीत बसलो, शेगडी पेटवली, पाय पुढे केले. समोर दुसरी खुर्ची रिकामी होती. काम संपलं की पहिली शेगडी आम्ही दोघं मिळून पेटवत असू. ती खुर्ची मी भिंतीकडे तोंड करून ठेवली. हिनं परत वळवली.

९ नोव्हेंबर

शेडमध्ये थोडं उरलंय. सोडायचं कशाला? उद्या शेवटची खेप.

१० नोव्हेंबर

कुठून सुरू करू?

दुपारी गाडी घेऊन गेलो. ताडपत्री दूर केली, उरलेलं भरलं. एवढ्यात मागून वहिनींचा आवाज आला. घड्याळजीची बायको, ओट्यावर उभी. मी जागच्या जागी गारठलो. लाकूड हातात, पळायला जागा नाही. आणि वहिनी काय म्हणाव्यात? भावजी, तेवढं राहिलंय तेही नेऊन टाका, आणि ताडपत्रीची नीट घडी करून ठेवा, म्हणजे मला शेड झाडता येईल.

मी म्हटलं, हे मी, म्हणजे तुमचं...

तर म्हणाल्या, आमचं कुठलं? तुमच्याच घरचं. तुमच्या हिनं उन्हाळ्यातच मागवून इथे ठेवलेलं, तुमचा दर वर्षीचा हट्ट उतरला की न्यायचं म्हणून. बरं झालं तुम्हीच नेलंत, नाहीतर उचललं कुणी असतं? ह्यांनी पाट टाकला, चाकाला तेल घातलं, तेवढंच त्यांच्यानं होतं आता. खांद्यात काही राहिलेलं नाही. डॉक्टरनं विचारलं, तुम्ही काम काय करता, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा खांदा असा झिजतो कसा? एकटे दोघांचं ओढता का?

मग त्यांनी एकदम तोंडावर हात धरला. म्हणाल्या, तुम्हाला सांगू नको म्हणून बजावलं होतं हो मला. मी काही बोललेच नाही असं समजा.

खिडकीचा पडदा हलला. वारा नव्हता.

मी ताडपत्रीची घडी केली. नीट केली.

११ नोव्हेंबर

सगळे सामील. ही, चिरंजीव, वहिनी, तो. साऱ्या घराला माहीत, साऱ्या शेजाराला माहीत, मला सोडून. मी दिवसाढवळ्या आडवा होऊन कुंपणातून जात होतो, कोटात लाकडं लपवत होतो, माझंच लाकूड, आणि हे सगळे आत बसून चहा पीत बघत होते!

हिला विचारलं. तिनं नाकारलंही नाही. म्हणाली, खरं सांगितलं असतं तर नेलं असतंत का? चिरंजीवांना फोन केला. ते म्हणाले, बाबा, तुम्ही खूश होतात ना.

खूश होतो! लाज वाटते.

शेगडी पेटवणार नाही. हे लाकूड माझं नाही.

१३ नोव्हेंबर

कडाका. घरात तोंडातून वाफ निघते. मी स्वेटरवर कोट, कोटावर शाल घालून बसलो आहे. तत्त्व म्हणजे तत्त्व.

ही हात चोळत आली, समोर उभी राहिली. म्हणाली, लाकूड मी माझ्यासाठी मागवलं. मला हीटरची ऊब आवडत नाही, डोकं दुखतं. आणि कपाटही नकोय मला. तुम्ही त्या कोपऱ्यात बसलेले असलात की घरात आहात हे कळतं. नाहीतर दिवसभर घरभर फिरत सूचना देता.

मग तिनंच काडी ओढली. मी अडवलं नाही. तिला थंडी वाजत होती म्हणून.

१५ नोव्हेंबर

एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. बाकीच्यांचं सोडा. तो.

इतकी वर्षं माझ्यासमोर उभा होता, करवतीच्या लांबीएवढ्या अंतरावर. मी एक म्हणायचो, तो ओढायचा. मी दोन म्हणायचो, तेव्हाही तोच ओढायचा आणि मला कळू द्यायचा नाही. ढकलत असणार. ढकलायचं नाही हे मीच त्याला शिकवलं होतं. घामानं निथळायचा आणि मी म्हणायचो, दमलास? व्यायाम कर. आणि तो हसायचा.

एकदा तरी म्हणायचं होतंस ना रे. ओढ म्हणायचं होतंस. रागावलो असतो, दोन दिवस बोललो नसतो, मग ओढलं असतं. तेव्हा माझ्या अंगात होतं. खांदा घालवलास, पण तोंड उघडलं नाहीस. मला इतका कच्चा समजलास?

याच्यापेक्षा हीटर परवडला. हीटरचा राग तरी करता येत होता.

१७ नोव्हेंबर

अर्थात सगळीच वर्षं तसं नसणार. सुरुवातीला मी ओढत होतो. नक्की ओढत होतो. कधीपासून थांबलो, ते मात्र आठवत नाही.

१९ नोव्हेंबर

त्याच्याकडे गेलो. फाटकातून, रीतसर. तो हीटरसमोर खांदा शेकत बसला होता. शर्टाच्या बाहीत हात घालायला वहिनी मदत करत होत्या. मी ठरवून गेलो होतो की चांगलं झापायचं. म्हटलं, माझी करवत खोडात अडकली आहे. तो म्हणाला, माहीत आहे, खिडकीतून दिसते. पाचर नाही मारलीस. मी म्हटलं, ते तुझं काम होतं. तो म्हणाला, हो, ते राहिलंच.

हीटर गुणगुणत होता. ऊब बरी होती, पण मी तसं म्हटलं नाही.

उठताना सांगितलं, उद्या शेगडीशी ये. खुर्ची रिकामी आहे. येतो म्हणाला. आणि पाचर आणतो.

२० नोव्हेंबर

आला. एका हातात पाचर, गळ्यात माझी शिटी. मी म्हटलं, आधी आत चल, थंडी आहे. तो म्हणाला, आधी करवत.

पाचर त्यानं धरली, मी ठोकली. चीर थोडी उघडली. तो पलीकडच्या मुठीला उभा राहिला, डावा हात नुसता मुठीवर ठेवून. मी म्हटलं, तू हात लावायचा नाहीस. तो म्हणाला, लावत नाहीये, सवय म्हणून ठेवलाय. आणि शिटी तोंडात धरली. मोजणार तोच.

शिटी वाजली. मी ओढलं. जीव खाऊन ओढलं. पाठीतून कळ डोक्यात गेली, टाचा मातीत रुतल्या, डोळ्यांपुढे काजवे चमकले. कपाळावर काहीतरी ओलं आलं. घाम होता. करवत जागची हलली नाही.

पुन्हा शिटी. पुन्हा ओढलं. हलली नाही. ही आणि वहिनी मागच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. कुणी हसलं नाही, आणि तेच फार लागलं.

घड्याळजीनं शिटी खाली घेतली. म्हणाला, आता बरोबर ओढतोयस.

करवत अजून तिथेच आहे.